बाळ आईजवळच हवे

मा. संपादक,

बाळंतिणीच्या विश्रांतीवरचा कालचा लेख वाचला. रात्री बाळ रुग्णालयाच्या नर्सरीत ठेवले की आईची झोप होते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. लेखकांनी एखाद्या बाळंतिणीला विचारायला हवे होते.

माझी लेक झाली तेव्हा सिझेरियननंतर दोन रात्री तिला माझ्यापासून दूर ठेवले होते. 'तुम्ही आराम करा,' असे सिस्टरनी मायेनेच सांगितले. पण डोळ्याला डोळा लागला नाही. लांबून कुठलेही मूल रडले की ते माझेच वाटायचे. टाक्यांवर हात दाबून दारापर्यंत गेले, तर परत पाठवले. सकाळी बाळ आणले ते गाढ झोपलेले. मला न विचारता रात्री बाटलीने वरचे दूध पाजले होते. मला चीक येत होता हो! तिसऱ्या दिवशी दूध भरून आले, छाती दगडासारखी झाली आणि लेकीला नीट धरताच येईना. ती अंगावर व्यवस्थित पिऊ लागेपर्यंत तीन आठवडे गेले. त्यातली निम्मी रडारड माझी होती.

तान्हे बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते. रडते ते अगदी शेवटी. त्याआधी तोंड उघडते, मान वळवते, मूठ चोखते. हे शेजारी असलेल्या आईलाच दिसते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली सांगितलेल्या यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांमध्ये आई-बाळाने दिवसरात्र एकत्र राहणे आहे, २०१८ च्या सुधारित यादीतही आहे. आजारी बाळाला वेगळे ठेवावे लागते, त्याबद्दल वाद नाही.

दमलेल्या आईला बाळ कुशीत असतानाच झोप लागण्याची भीती लेखात आहे, ती खरी आहे. म्हणून तर पाळणा पलंगाला लागून हवा, त्यात बाळ पाठीवर निजवलेले हवे आणि ते उचलून हातात द्यायला रात्री कोणीतरी हवे. माझ्या नवऱ्याला मात्र आठ वाजताच बाहेर काढत असत. दिवसा पाहुण्यांची रीघ चालते, रात्री बाप चालत नाही!

आणखी एक. या लेखासोबत दुधाच्या बाटलीचे छायाचित्र कशासाठी छापले? पुढच्या वेळी आईजवळ असलेल्या बाळाचे छापावे, ही विनंती.

— एक वाचक