बिनहवेचं चाक घ्या, पण एक्सल मोजून

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मोर्शी तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. संत्रातोडणीच्या दिवसांत माझ्याकडे हातगाड्यांची रांग लागते. बगिच्यातून कॅरेट धुऱ्यापर्यंत आणायला, गोठ्यातलं शेण काढायला, खताची पोती न्यायला या गाड्या घरोघरी आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, पंक्चर. पांदणीच्या दोन्ही अंगांना बाभळी, वावरात तुरीची नि पऱ्हाटीची धसकटं. माणूस ट्यूब तरी किती वेळा जोडणार?

म्हणून लोक बिनहवेची चाकं घेऊ लागले आहेत आणि ते योग्यच आहे. माझी तक्रार ती विकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. गिऱ्हाइकाला ‘१६ इंची, पंक्चरप्रूफ’ एवढंच सांगतात. चाक बसतं ते भोकावर, आणि भोकाचं माप कोणी सांगत नाही.

आपल्याकडच्या गाड्यांचे एक्सल कुठे सहा सुती, म्हणजे पाऊण इंची, तर कुठे २० मिलिमीटरचे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. तो एक्सल २० च्या बेअरिंगमध्ये घातला की जवळजवळ एक मिलिमीटरची ढिलाई राहते. चाक डुगडुगतं, बेअरिंग एक्सलवरच घासत फिरतं आणि एक्सल झिजत जातो. पाच सुती बेअरिंगचं उलटं. त्याचं भोक १५.८८ मिलिमीटर आणि एक्सलची सळई १६ ची, म्हणजे ती हातानं जातच नाही. मग हातोडा निघतो. बाहेरच्या रिंगवर बसलेला घाव छर्‍यांमधून आत जातो आणि रिंगेत बारीक खड्डे पडतात. गेल्या हंगामात एका काकूंनी आणलेलं असंच चाक मी हातात घेऊन फिरवलं. चाक नवंकोरं, रबरावर साच्याचे केससुद्धा तसेच होते, पण आतून वाळू भरल्यासारखी करकर. दुकानदारानं चाक बदलून दिलं नाही, कारण ते ‘बसवलेलं’ होतं.

टायरवरच्या आकड्यांचाही असाच घोळ होतो. ४.००-८ मधला ८ हा रिमचा व्यास, इंचांत. ४ ही टायरची रुंदी. पूर्ण चाक भरतं १६ इंचांच्या आसपास. गिऱ्हाईक ‘आठचं चाक’ मागतं आणि बुटकं चाक घेऊन घरी येतं. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीची, लांबीही मोजावी लागते. हब लांब निघाला तर एक्सलच्या टोकाचं पिनेचं भोक आतच झाकलं जातं. आखूड असेल तर वायसर घालून निभावतं.

भरीव रबराचं चाक जड, पण दगडगोट्यांना टिकतं. फोमचं हलकं असतं, धक्काही कमी देतं, मात्र अणकुचीदार खडीवर त्याचे तुकडे निघतात. काळ्या मातीत रुंद चाकच घ्यावं, अरुंद रुतून बसतं. भाराचा हिशेबही आधी करावा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, सहा पोती म्हणजे २७० किलो. पांदणीच्या खड्ड्यात बराचसा भार क्षणभर एकाच चाकावर येतो, तेव्हा प्रत्येक चाक निम्म्याहून बरंच जास्त पेलणारं हवं. आणि कृपा करून अशी गाडी मोटारसायकलमागे बांधून पळवू नका. ही चाकं पायी चालण्याच्या वेगासाठी आहेत. वेगात रबर आतून तापतं, बेअरिंगऐवजी नायलॉनचा बुश असेल तर तो वितळतो.

माझी मागणी एवढीच आहे : विक्रेत्यांनी प्रत्येक चाकाला चिठ्ठी बांधावी आणि तीवर भोक, हबची लांबी व भार मिलिमीटर-किलोत लिहावा. कचरागाड्यांसाठी चाकं मागवणाऱ्या ग्रामपंचायतींनीही दरपत्रक मागवताना हीच मापं घालावीत. तोवर शेतकऱ्यांनी जुनं चाक सोबत नेऊन दुकानातच व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावून घ्यावं. आमच्या भागातल्या कुणाला एक्सल मोजून हवा असेल तर माझ्या दुकानी यावं, मी त्याचे पैसे घेत नाही.

आपला,
एक वेल्डिंग कारागीर,
ता. मोर्शी, जि. अमरावती