ताई, 'दिर एन ग्रे'च्या त्या यादीसाठी मनापासून थँक यू

ताई,

हे तुला पर्सनल मेसेजवरही सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जपानी रॉक ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू कळत नाही असे माझ्यासारखे बरेच जण असणार आणि तू जे माझ्यासाठी केलंस ते त्यांच्याही कामाला येईल.

जपानीच्या क्लासनंतर मी तुला एवढंच विचारलेलं की दिर एन ग्रे या जपानी रॉक बँडचं कुठलं गाणं ऐकू. दुसरं कुणी असतं तर एक लिंक टाकून मोकळं झालं असतं. तू रात्री बसून अख्खी यादी टाईप केलीस, कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठे कान द्यायचा, सगळं. आणि 'विनुश्का'च्या पुढे लिहिलंस, "हे आत्ता नाही, बाकीची झाल्यावरच." त्या एका ओळीसाठी तुझे किती आभार मानू!

कारण त्यांचा गायक क्यो, त्याचा आवाज हा प्रकारच असा आहे की एकदम मधूनच ऐकला तर माणूस घाबरून बंद करतो. तू सुरुवात 1999 च्या 'केज'पासून करायला लावलीस, 'गॉझ' अल्बममधलं, तेव्हा बँड सुरू होऊन दोनच वर्षं झालेली. त्यात तो सरळ गातो, थोडं नाकात, थोडं नाटकी, पण चाल लगेच तोंडात बसते. मग 2003 चं 'कासुमी', मग 'द फायनल', ज्याचं कोरस आलं की आवाज असा काही वर जातो ना, मी बसमध्ये होते आणि स्टॉप आलेला कळलाच नाही. तोपर्यंत मला तो फक्त एक भारी गायक वाटत होता, बाकी काही नाही.

आणि मग तुझी ती 'झान'ची आयडिया! आधी 1999 चं ऐक, 'एक्स जपान' बँडच्या योशिकीने प्रोड्यूस केलेलं, आणि लगेच पाठोपाठ 2009 मध्ये दिर एन ग्रेनेच परत रेकॉर्ड केलेलं ऐक. दहा वर्षांत तोच माणूस त्याच गाण्यात कुठून कुठे गेलाय! पहिल्यात तो किंचाळतो ते तरुण पोराचं किंचाळणं आहे, दुसऱ्यात खालचा घोगरा आवाज पार पोटातून येतो, आणि तरी शब्दांवरची पकड सुटत नाही. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर पटलं नसतं, दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावरच पटलं.

'डिफरंट सेन्स'बद्दल तू लिहिलेलंस की सुरुवातीच्या गुरगुरण्याने दचकू नकोस, कोरसपर्यंत थांब. थांबले. तो एवढा कर्कश गोंधळ चालू असताना मधेच आवाज एकदम मोकळा होऊन बारीक, उंच निघतो, खिडकी उघडल्यासारखा. तीच जागा मी परत परत मागे नेऊन ऐकली.

'विनुश्का' मात्र तू सांगितलंस तसं सगळ्यात शेवटी ऐकलं, रात्री, हेडफोन लावून, दिवा बंद करून. 2008 च्या 'उरोबोरोस'मधलं, नऊ मिनिटांच्या वर जाणारं. सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार आणि तो अगदी कानाशी आल्यासारखा हळू गातो, मग बँड कोसळतो, मग परत शांत, मग कुजबुज, मग अशी किंकाळी की अंगावर काटा येतो. पण घाबरायला झालं नाही गं. बाकीची गाणी आधी ऐकली होती म्हणून मला प्रत्येक आवाज ओळखीचा वाटत होता, हा 'कासुमी'वाला, हा 'झान'वाला, आणि हे सगळे एकाच गळ्यात राहतात हे तेव्हा नीट कळलं. हे गाणं पहिल्यांदा लावलं असतं तर दोन मिनिटांत बंद केलं असतं, खात्रीने सांगते.

एक गोष्ट तू यादीत नुसती जाता जाता लिहिली होतीस, क्योच्या आवाजाच्या त्रासामुळे 2012 मध्ये बँडला थांबावं लागलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'रिनकाकु' आलं. ते माहीत असल्यामुळे ते गाणं मला वेगळंच लागलं. किती जपून सुरू होतं ते, आणि किती सुंदर आहे. काओरू आणि दाईच्या गिटार पण तिथे त्याला किती जागा देतात. 1997 पासून तेच पाच जण एकत्र आहेत, त्यामुळे हे जमत असावं असं मला वाटतं.

तुझी परीक्षा जवळ आलेली, घरी पाहुणे, तरी तू माझ्यासाठी एवढा वेळ काढलास. गाणी तर मला कधीतरी सापडलीच असती, पण ऐकायचं कसं ते तुझ्यामुळे कळलं, खरंच.

आता क्योच्या दुसऱ्या बँडचं, सुकेकियोचं, असंच सगळं लिहून पाठव ना, परीक्षा झाल्यावर. तोपर्यंत मी त्यांच्या 'इम्मोर्टालिस' अल्बमला हात लावत नाही, कुठून सुरू करायचं ते तूच सांग.

तुझी,
क्लासमधली मागच्या बेंचवरची