माऊ, चेन्नईला यायच्या आधी हे वाच

माऊ,

परवा फोनवर तू सांगितलंस की बाईक रेसचं लायसन्स आलं, चेन्नईच्या रेसची एंट्री भरली, आणि मी नुसतं बरं म्हणून फोन आईकडं दिला. तुला वाटलं असणार पप्पा चिडले. चिडलो नव्हतो गं, भट्टी चालू होती, समोर गिऱ्हाईक बसलेलं आणि खरं सांगायचं तर घसा दाटून आला होता, काही बोलताच येईना. आज रविवार, दुकान बंद आहे म्हणून बसून लिहितोय. लांबणार आहे पण सगळं वाच, मधनं सोडू नको.

तुला माहितीच आहे मी विट्याकडनं कोइमतूरला गलाई, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, करायला आलो तेव्हा रेस वगैरे आपल्याला काही माहीत नव्हतं. आपल्या खानापूर आटपाडीकडचा माणूस कुठंही गेला तरी भट्टी, सोनं वितळवायची मूस, ॲसिड आणि महिन्याला गावाकडं पैसे, एवढंच आयुष्य. शेजारच्या लेथवाल्या अण्णानं मला पहिल्यांदा इथल्या रेस ट्रॅकला, करी मोटर स्पीडवेला, नेलं. या गावात लोकांना रेसचं वेडच आहे, करिवर्धन इथलेच, मारुतीच्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती नावाच्या रेसच्या गाड्या बनवणारे, त्यांच्याच नावानं २००३ साली हा ट्रॅक झाला. फॉर्म्युला वनमध्ये गेलेला नारायण कार्तिकेयन पण इथलाच. तर मी बघायला गेलो आणि पुढच्या वर्षी झेंडा हातात घेऊन कोपऱ्यावर उभा राहिलो, तेव्हापासून अकरा वर्षं मार्शल म्हणून जातोय. तू लहान होतीस तेव्हा डबा घेऊन माझ्याबरोबर यायचीस आणि कुंपणाला नाक लावून बसायचीस. तेव्हा कळायला पाहिजे होतं मला.

आता मला जे सांगायचंय ते गाडी चालवणाऱ्याचं नाही. मी कधी ट्रॅकवर गाडी पळवलेली नाही, तुझे कोच तुला ते शिकवतील आणि ते सांगतात तेच ऐक. मी सांगतो ते कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला काय दिसतं ते.

कोपऱ्यावरनं सगळ्यात आधी हेल्मेट दिसतं. गाडी लांबनं येते, ब्रेक लागतो, पुढचा फोर्क दबतो, आणि त्या वेळेला हेल्मेट कुठं वळलंय ते मी बघतो. ज्याचं हेल्मेट गाडीच्या आधी वळतं, गाडी अजून सरळ आहे पण माणूस एपेक्सकडं, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाकडं, आणि तिथनं पुढं बाहेर निघायच्या जागेकडं बघतोय, तो नीट जाणार हे मला तिथंच कळतं. आणि ज्याचं हेल्मेट पुढच्या चाकाच्या समोरच बघतंय, नाहीतर पुढच्या गाडीच्या मागच्या टायरला चिकटलंय, तो आला की मी आपोआप पिवळ्या झेंड्याला हात घालतो. दरवेळी पडतो असं नाही, पण हात जातोच.

लोकांना वाटतं नवीन पोरं वेगानं आली म्हणून पडतात. मी बघितलेल्या पडझडीत बहुतेक वेळा वेग जास्त नव्हताच, त्याच वेगात त्याच्या पुढची दोन पोरं निघून गेलेली असतात. होतं काय, मध्यावर आल्यावर त्याला वाटतं की आता वळणार नाही, नजर जाते बाहेरच्या कडेला, जिथं जायचं नाहीये नेमकं तिथंच, आणि मग घाबरून थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, फट्कन बंद आणि पुढचा ब्रेक आवळला. गाडी झुकलेली असताना पुढच्या टायरची पकड आधीच वळण्यात खर्च होत असते, त्यात सगळं वजन पुढं ढकललं आणि वरनं ब्रेक मागितला तर द्यायला त्याच्याकडं काही उरतच नाही. एक तर गाडी उभी होऊन सरळ मातीत जाते नाहीतर पुढचं चाक खालनं निघून जातं.

हे मला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाही, मला ते कळलं भट्टीवर. तू किती वेळा बघितलंयस मला मूस ओतताना. सोनं १०६४ डिग्रीला वितळतं, सांडशीत लाल मूस धरलेली, आणि नवीन पोरगा कामाला आला की तो काय करतो, मुशीकडं बघत बसतो. मग हात हलतो आणि धार साच्याच्या बाहेर. मी त्याला सांगतो बाबा मुशीकडं बघू नको, साच्याच्या तोंडाकडं बघ, हात आपला आपण जातो. आणि धार एकसारखी पाहिजे, झटक्यात ओतलं तर उडतं, थांबत थांबत ओतलं तर मध्येच गार होतं. थ्रॉटल तसाच उघडायचा माऊ, ओतल्यासारखा. एकदा उघडायला सुरुवात केली की एकसारखा, आणि बंद करताना पण फट्कन नाही.

तुझ्या करीवरच्या ट्रेनिंगचा व्हिडिओ मी किती वेळा बघितला माहितीये, आईला माहीत नाही. पहिल्या दिवशी तू पुढच्या मुलीच्या टायरला चिकटून होतीस, हेल्मेट खाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सेशनला एका उजव्या वळणाला तुझं हेल्मेट आधी वळलं, बाकीच्या ठिकाणी नाही, त्या एकाच ठिकाणी, आणि तिथं तू सगळ्यात चांगली निघालीस. ते एक वळण तुझ्या लक्षात आहे का? असेल तर बाकीच्या सगळ्या वळणांना तेच कर.

चेन्नईचा ट्रॅक वेगळा आहे. करी २.१ किलोमीटरचा, आखूड, सतत वळवळ. इरुंगट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटर, बारा कोपरे, आणि तिथं वेग खरा लागतो. आपल्या देशातला हा जुना सर्किट, १९९० पासूनचा, त्याच्या आधी मद्रासवाले शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस घ्यायचे. करीवर जी सवय लागलीये की ब्रेक, वळण, ब्रेक, वळण, ती तिथं सरळ रस्त्याच्या शेवटी फसवते, कारण एवढा वेळ फुल थ्रॉटल राहिल्यावर वेगाचा अंदाजच जातो. म्हणून पहिल्या प्रॅक्टिसला वळणाआधी अंतर दाखवणारे ब्रेकिंगचे बोर्ड मोज. आधी लांबनं ब्रेक लाव, मग प्रत्येक लॅपला थोडं थोडं पुढं सरक. उलटं नको, उशिरा लावून मग मागं येणं म्हणजे मातीतनं शिकणं.

आणि प्रत्येक मार्शल पोस्ट बघून ठेव. पहिल्या हळू लॅपला टाईम बघायचा नसतो, झेंडेवाले कुठं उभे आहेत ते बघायचं. मी पिवळा झेंडा खांदा दुखेपर्यंत हलवतोय, पुढं गाडी आडवी पडलीये, आणि पोरगं माझ्याकडं बघत पण नाही, असं कितीदा झालंय. त्याला दिसतच नाही गं, वेगात नजर बोगद्यासारखी होते. पिवळा हलला म्हणजे ओव्हरटेक नाही, वेग कमी, पुढं माणूस पडलेला असू शकतो आणि त्याच्याकडं धावणारा मार्शल पण असू शकतो, तो कुणाचा तरी बाप असतो. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा, तेल किंवा पाणी. निळा दाखवला म्हणजे मागनं वेगवान गाडी येतीये, तू तुझ्या लाईनीत रहा, बाजूला व्हायच्या नादात एकदम हलू नको, तो काढेल त्याचा रस्ता. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये, ट्रॅकच्या बाजूला टीम थांबतात तिथं, यायचं.

पडशील. हे लिहिताना हात थांबला होता पण लिहितोच. पहिल्या वर्षात बहुतेक सगळे एकदा तरी पडतात. पडलीस तर गाडी सोड. हँडल धरून ठेवायचं नाही, ती तिच्या वाटेनं जाऊ दे. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही, माणसाला वाटतं थांबलो आणि अजून घसरत असतो, तेव्हा उठायला गेलं की हात पाय मोडतात. थांबलीस की आधी मागं बघ कोण येतंय, मग बाहेरच्या बाजूला पळ. गाडीकडं नाही. एकदा माझ्या पोस्टवर एक पोरगा पडला, अठरा एकोणीसचा असेल, काही लागलं नव्हतं, उठला आणि गाडी ट्रॅकच्या पलीकडं पडलेली होती तर सरळ तिकडं धावला. मागनं चार गाड्यांचा घोळका येत होता. मी त्याचा सूट पाठीमागनं धरून त्याला खाली पाडलं, दोघंही मातीत. गाड्या गेल्यावर तो मला म्हणतो, अण्णा, टीमची गाडी आहे, लिव्हर तुटला तर पैसे मला भरायला लागतात. त्याला तेवढंच दिसत होतं.

म्हणून टीमचा कागद सही करायच्या आधी मला व्हॉट्सॲप कर. गाडी टीमची भाड्याची आहे, तर पडल्यावर काय काय तुझ्या अंगावर येणार ते आधी लिहून घे. मी पंधरा हजार वेगळे काढून ठेवलेत, ते लिव्हर, फूटपेग, फेअरिंगसाठीच आहेत. डोक्यात पैशाचा हिशोब घेऊन वळणात जायचं नाही.

सूट सेकंड हँड घेतलास ते ठीक, पण पाठीचा आणि छातीचा प्रोटेक्टर नवा घे. हेल्मेटमध्ये एक रुपया वाचवू नको, पट्टा डबल डी रिंगचाच, आणि एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट संपलं, वरनं कितीही चांगलं दिसलं तरी. ग्लोव्ह मनगटाच्या वरपर्यंत. उन्हाचं पण बघ, लेदर घालून चेन्नईच्या दुपारी ग्रिडवर, रेस सुटायच्या जागी, थांबणं म्हणजे काय हे तुला पुण्यात बसून कळणार नाही. सकाळपासून पाणी, मीठ साखर, दुपारी दहीभात आणि तोही थोडा. तहान लागल्यावर प्यायचं म्हणजे उशीर झालेला असतो.

अजून एक. कुठल्याही ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून ट्रॅकवर गाडी चालवायच्या दिवसाला, गेलीस तर पहिलं अँब्युलन्स कुठं उभी आहे ते बघ. एका ठिकाणी एका जखमी पोराला घेऊन अँब्युलन्स गेली आणि आयोजकांनी वेळ वाया जातोय म्हणून ती नसतानाच पुढचं सेशन सुरू केलं. मी आणि अजून दोघांनी झेंडे खाली ठेवले. आमच्यावर आरडाओरडा झाला, तासभर सगळं थांबलं, पण दुसरी अँब्युलन्स आल्यावरच आम्ही झेंडे उचलले. तुझ्या बाबतीत असं कुठं झालं तर कितीही पैसे भरलेले असूदेत, तू गाडीवर बसायचं नाही.

आता घाटाचं. तू ताम्हिणीला रविवारी सकाळी जातेस ते मला माहितीये, तुझ्या मित्रानं टाकलेल्या व्हिडिओत तुझं हेल्मेट मी ओळखलं. गुडघा टेकवायला चाललेली असतेस. ते बंद. रागानं नाही सांगत. ट्रॅकवर पडलीस तर पुढं माती आहे, टायरची भिंत आहे, मार्शल आहे, समोरनं कुणी येत नाही. घाटात वळणाच्या पलीकडं दुधाची गाडी आहे, शेळ्या आहेत, एखादं कुटुंब स्कूटरवर आहे. कालच्या वळणावर आज वाळू आहे. तिथं तू काही शिकत पण नाहीस कारण एकच वळण दहा वेळा मिळत नाही. रेस हवी तर रेस कर, मी सोबत आहे, घाट सोडलास असा शब्द दे आणि फोनवर नाही, समोर दे.

आईबद्दल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळूरचा तेरा वर्षांचा मुलगा रुकी, म्हणजे नवख्यांच्या, रेसमध्ये जीवानिशी गेला, तुला माहिती आहे. त्या रात्री आई जेवली नव्हती. आपण त्या पोराला ओळखत नव्हतो, तिनं फक्त टीव्हीवर त्याचा फोटो बघितला. मी पुढच्या महिन्यात करीवर ड्युटीला निघालो तर दारात उभी राहिली, काही बोलली नाही. मी तिला खोटं सांगणार नाही की यात धोका नाही, तू पण सांगू नको. सूट, हेल्मेट, अँब्युलन्स सगळं असून पण जे उरतं ते उरतंच, आणि ते माहीत असून मी तुला जा म्हणतोय, कारण मी तुझा तो एका वळणाचा व्हिडिओ बघितलाय. आई चेन्नईला येणार नाही म्हणतीये. तिला जबरदस्ती करू नको. रेस संपली की हेल्मेट काढायच्या आधी नाही पण लगेच नंतर पहिला फोन तिला तू कर, मी नाही करणार, तिला तुझाच आवाज पाहिजे.

रेसमध्ये पहिला कोपरा सगळ्यांना एकदमच पाहिजे असतो. घोळक्यात घुसू नको, दोन गाड्या पुढं गेल्या तर जाऊ दे, पाच सहा लॅप आहेत. शेवटून दुसरी आलीस आणि सगळे लॅप पूर्ण केलेस तर मी विट्याला फोन करून पेढे वाटायला सांगणार आहे, आजीला आधीच सांगून ठेवलंय.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतो, शनिवारी सकाळी सात साडेसातला ट्रॅकवर. तिथं माझी ड्युटी नाही, टीमच्या मॅनेजरला विचारलंय, पिट वॉलवर बोर्ड धरायला मला उभं करणार म्हणालाय. किती लॅप राहिले ते तर लिहीनच. त्याच्या खाली तुझी पोझिशन लिहू का नको, ते तू कोचला विचारून गुरुवारपर्यंत कळव. मला विचारशील तर नको.

तुझे पप्पा