जॉबकार्डवर नेमके लिहून घ्या

महोदय,

नव्या मोटारीतील वारंवारच्या बिघाडांविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. अमेरिकेसारखा ‘लेमन लॉ’, म्हणजे वारंवार बिघडणारी नवी गाडी बदलून किंवा पैसे परत मिळवून देणारा कायदा, आपल्याकडेही हवा, ही मागणी रास्तच. पण तोवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, आणि त्याखालचा दावा उभा राहतो तो जॉबकार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना वर्कशॉप तक्रार नोंदवते त्या कागदावर. तक्रार गिअरच्या झटक्याची असते, वर्कशॉपचा सल्लागार ‘जनरल चेकअप’ लिहितो आणि मालक सही करून मोकळा होतो. मग तोच बिघाड चौथ्यांदा झाला, हे ग्राहक आयोगाला दाखवायचे कशाने? ‘इंजिन तापल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका, ४,१२० किमी’ असे लिहून घ्यावे. स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा सांकेतिक क्रमांक (एरर कोड) पुसण्याआधी त्याचा प्रिंटही मागावा. कोड पुसला की पुरावा गेला.

निर्मितीदोष सिद्ध करण्याचा भार ग्राहकावरच येतो. म्हणून कलम ३८ नुसार प्रयोगशाळेत तपासणीची विनंती तक्रारीसोबतच करावी. ओळखीच्या मेकॅनिकच्या चिठ्ठीवर विसंबू नये. मागणीही एकच नको. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश मान्य केला नव्हता. तेव्हा बदली गाडी, नाहीतर पैसे परत, तेही नाही तर सदोष भाग बदलून भरपाई, अशा पर्यायी मागण्या लिहाव्यात.

तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची. वर्कशॉपच्या खेपांत ती कधी सरते, कळतही नाही. ५० लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि वकील सक्तीचा नाही.

– एक वाचक, पुणे