टाकी काढायच्या आधी बादली लावा

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे धड सांगून होत नाही, बाबा मध्येच "बरं बरं, बघतो" म्हणतात आणि आईला फोन ठेवायची घाई असते, म्हणून लिहूनच काढतेय. विषय गिझर.

मागच्या खेपेला आले होते तेव्हा आधी बाबांची आंघोळ, मग माझी आणि आई सगळ्यात शेवटी, असंच रोज चाललेलं. तिसऱ्या दिवशी आई आत जायच्या आधी मी सहज नळाखाली हात धरला तर पाणी गारढोण! आई, तुला विचारलं तर म्हणालीस, मला कोमटच बरं वाटतं. कोमट नव्हतं गं ते. घरी परत आल्यावर हिशेब केला. आपली टाकी २५ लिटरची, त्यातलं पाणी ६० डिग्री धरलं आणि गार पाणी १५ डिग्री, तर मिसळून ४० डिग्रीचं पाणी होतं जेमतेम ४५ लिटर. शॉवर मिनिटाला ८ लिटर ओततो, म्हणजे साडेपाच मिनिटांत खेळ खल्लास. २ किलोवॅटच्या कॉइलला तेवढं पाणी परत तापवायला चाळीसेक मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कोण थांबतंय. म्हणजे रोज आपण दोघं गरम पाणी संपवतो आणि आई गप्प राहते.

तर बाबा, बिनटाकीचा बसवायचा हा तुमचा विचार मला पटलाय, पाणी वाहत असतानाच तापतं त्यामुळे तिसऱ्या माणसालाही पहिल्याइतकंच गरम मिळतं. पण प्लंबर म्हणाला दोन तासात होतंय म्हणून लगेच हो म्हणू नका, कारण मी तसंच हो म्हणाले होते आणि चांगली माती खाल्ली. माझ्याकडे ३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट लावून गेला, बघितलं काहीच नाही, उन्हाळ्यात मस्त चाललं. थंडीत नळाचं पाणी १२ डिग्रीवर आलं आणि आंघोळीला ४० हवं, तर धार इतकी बारीक ठेवावी लागायची की १५ लिटरची बादली भरायला दहा मिनिटं. जरा नळ मोठा केला की पाणी गार. मी कितीतरी दिवस मशीनलाच शिव्या घालत होते, बिचाऱ्याचा दोष नव्हता, गणितच तसं आहे. मिनिटाला १ लिटर पाणी १ डिग्रीने तापवायचं तर साधारण ७० वॅट लागतात. ८ लिटर, २५ डिग्री, म्हणजे १४ किलोवॅट. २३० व्होल्टवर ते होतात ६० अँपिअर! बाबा, आपल्याकडे इस्त्री आणि गिझर एकत्र लावला की काय होतं ते आठवा. अख्खी वायरिंग, एमसीबी, सगळं बदलावं लागेल, कदाचित थ्री फेजच घ्यावा लागेल.

म्हणून मला आपल्या घरासाठी गॅसवालाच बरा वाटतोय, त्यात २० किलोवॅटसुद्धा सहज मिळतात. पण एका अटीवर, तो बाथरूमच्या आत बसवायचा नाही. जागा आहे, सोय आहे, असं कुणी कितीही सांगो. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, दार लावून आंघोळ करणाऱ्याला चक्कर येईपर्यंत कळतसुद्धा नाही. मागच्या भिंतीला बाहेरून लावा, मोकळ्या हवेत, आणि जळलेला धूर कुठल्याही खिडकीतून परत आत येणार नाही असं बघा.

गंमत माहितेय का बाबा, तुम्ही म्हणालात ना हे नवीन फॅड आहे, तर गिझर हे नाव पडलं तेच मुळी बिनटाकीच्या यंत्रामुळे. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने ते काढलं आणि आइसलंडच्या गरम झऱ्यावरून नाव ठेवलं. टाकीवाला आपोआप चालणारा नंतर आला. फक्त मॉनच्या त्या यंत्राला धूर बाहेर न्यायला नळकांडंच नव्हतं, म्हणजे वरची अट तेव्हापासूनची.

आई, आता तुझ्यासाठी. तुला नळ बारीक सोडायची सवय आहे, तशा धारेला हा पेटणारच नाही, ठरावीक जोर लागतो. तेव्हा "बंद पडला" म्हणून घाबरू नकोस, नळ थोडा मोठा कर. आणि बाबा दाढी करताना नळ दहादा चालू-बंद करतात, त्यात मध्येच एक गार झटका येतो, तो यायचाच. गरम पाणी नळापर्यंत पोचायला लागणारा वेळही कमी होणार नाही हं, पाइपातलं गार पाणी आधी बाहेर पडायलाच हवं. तापमान ४२ वर ठेवा, वर नाही. ६० डिग्रीच्या पाण्याने पाचेक सेकंदात कातडी भाजते, आणि तू पाणी बघायला सरळ हात घालतेस.

बाबा बचतीचं विचारतीलच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे दिवसाला १५५ लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात बिनटाकीचा गिझर टाकीवाल्यापेक्षा २४ ते ३४ टक्के जास्त कार्यक्षम ठरू शकतो, कारण दिवसभर टाकी गरम ठेवायची भानगडच नाही. पण आपलं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर बसतो तोच आत बसणार. वर्षातून एकदा व्हिनेगर फिरवून साफ करावं लागेल, त्यासाठी दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आत्ताच बसवून घ्या, नंतर पाइप कापत बसू नका.

आता काम. बाबा, शॉवरखाली बादली ठेवा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती लिटर पडतं ते मोजा, मग नळाच्या गार पाण्यात थर्मामीटर बुडवा, तापाचा नाही हो, तो चालत नाही. ते दोन आकडे आणि मीटरशेजारच्या मेन स्विचचा फोटो मला पाठवा, मग कुठला घ्यायचा ते ठरवू.

आणि नवीन बसेपर्यंत आई पहिली आंघोळ करेल. बाबा, तुम्ही शेवटी.

तुमची,
ताई