सापडलेलं जमा कुठं करायचं, तेवढं छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत थंडीतल्या नव्या छंदांवर पानभर छापलं होतं, त्यात नदीकाठी सोनं शोधणं आणि मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणं हे पण होतं. फोटो मस्त होता, बर्फ, नदी आणि गुडघाभर पाण्यात उभा एक गोरा माणूस. ते वाचून आमच्या ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या दोन पोरांनी लगेच मोबाइलवर मशिनची किंमत काढली. मी काही या छंदाच्या विरोधात नाही, माझ्या घरातच शिरलाय तो, पण तुमच्या लेखात जे राहून गेलं ते मी सध्या भोगतोय म्हणून हे पत्र, लांबलं तर कापा पण शेवटचा भाग ठेवा.

माझा भाचा कॅनडात व्हँकुव्हरला असतो. फेब्रुवारी-मार्चमधे तो फ्रेझर नदीवर जातो, होप नावाच्या गावाच्या वरच्या अंगाला. मी विचारलं, अरे एवढ्या थंडीत कशाला मरायला जातोस, उन्हाळ्यात जा की. तर म्हणे मामा, उन्हाळ्यात नदी हातात येतच नाही, मे-जूनमधे डोंगरावरचा बर्फ वितळून पूर येतो, थंडीत सगळं पाणी वर गोठलेलं असतं म्हणून नदी उतरते आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात, खडकाच्या फटी दिसायला लागतात, सोनं तिथंच अडकलेलं असतं. सोनं पाण्यापेक्षा १९ पट जड, साधी वाळू जेमतेम अडीच पट, लोखंडाची काळी वाळू पाच पट, त्यामुळे हलवत राहिलं की सोनं आपोआप बुडाशी जातं. हे इतकं सोपं शाळेत कुणी सांगितलं असतं तर फिजिक्समधे माझे मार्क वेगळे असते.

त्याच्याकडे एक हिरवी प्लास्टिकची परात आहे, कडेला पायऱ्या पाडलेल्या. हिरवी अशासाठी की तिच्यात काळी वाळू पण दिसते आणि पिवळा कण पण. फ्रेझरचं सोनं पिठासारखं बारीक, पाण्यावर तरंगतं सुद्धा, म्हणून परातीत भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे ते खाली बसतं. आणि शहाणे लोक काठावर बसून बोटं गोठवत नाहीत, चाळलेला गाळ बादलीत भरून घरी आणतात आणि बाथटबमधे कोमट पाण्यात धुतात. दोन हिवाळ्यांची कमाई त्यानं एका कुपीत दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी पण नव्हती. पेट्रोलचा हिशेब मी विचारला नाही.

तिकडे सरकारनं हौशी लोकांसाठी नदीचे काही पट्टे वेगळे काढून ठेवलेत, परात आणि फावडं घेऊन जा, बसा. तिथली सोन्याची धावपळ १८५८ ची, म्हणजे त्याच साली आपल्या इथं स्वर्णरेखेच्या काठी राणी लक्ष्मीबाई पडल्या. घोडा नाल्यावर अडला असं आपण लहानपणापासून ऐकतो. तर भाचा जानेवारीत सुट्टीवर आला तेव्हा नदीचं नाव ऐकूनच उड्या मारायला लागला, मामा स्वर्णरेखा म्हणजे नावातच सोनं आहे! त्याला स्कूटरवर बसवून फूलबागेकडे नेलं आणि पुलावरून दाखवली. काँक्रीटमधे बांधलेलं काळं पाणी आणि वास. परात पिशवीतून बाहेर निघाली नाही. नावावर जायचं तर ती झारखंडची सुवर्णरेखा, तिथं आदिवासी बायका आजही वाळू धुवून कण काढतात. चंबळचं तर नावच काढू नका. ते घडियाल सुसरींचं अभयारण्य आहे, थंडीत ती वाळूवर ऊन खात पडलेली असतात आणि मार्च-एप्रिलमधे त्याच वाळूत अंडी घालतात, तिथं फावडं लावणं म्हणजे गुन्हा आणि पाप दोन्ही.

मग मी त्याला आपल्या ग्वाल्हेरचे खरे सोनं शोधणारे दाखवले. पहाटे साडेसहाला सराफ्यात, कोहरा इतका की समोरच्या दुकानाची पाटी दिसेना. एक म्हातारा न्यारिया आणि त्याची सून बंद दुकानांच्या ओट्याखालची धूळ बारीक ब्रशनं ओढत होते आणि नालीतला गाळ तसल्यात, म्हणजे पसरट घमेल्यात, घेत होते. पुण्याकडे यांना झारेकरी म्हणतात, बडोद्याला धूळधोया. सोनाराच्या कानशीतून, कपड्यातून, हात धुतलेल्या पाण्यातून जो कण सांडतो त्यावर यांचं घर चालतं. पाणी असं की बोट बुडवलं तर कळ डोक्यात जावी आणि त्या म्हाताऱ्या बाबांच्या हातात मोजे कसले, अंगठ्याला फक्त चिंधी गुंडाळलेली. तसला गोल फिरवायची पद्धत मात्र हुबेहूब भाच्याच्या व्हिडिओसारखी, फिरवायचा, तिरका करायचा, वरचं पाणी सोडायचं, परत. मग जुन्या स्पीकरचा चुंबक कागदात गुंडाळून बाबांनी लोखंडाचा कीस उचलला. भाच्यानं मोठ्या ऐटीत साबणाच्या थेंबाची युक्ती सांगितली. बाबा हसले, म्हणाले "हम रीठा डालते हैं बेटा, दादा के टाइम से." पुढे घरी जाऊन पारा आणि तेजाब (ॲसिड) लागतं आणि पारा तापवला की त्याची वाफ छातीत जाते, ते काम सून करते असं कळलं. छंदाच्या पानावर यांचा एक फोटो असता तर बरं वाटलं असतं, असो.

आता डिटेक्टर. भाच्यानं इथं आल्यावर ऑनलाइन मागवला. त्याचं काम असं की खालच्या गोल कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असेल तर त्यात बारीक करंट फिरतो आणि तो मशिनला परत ऐकू येतो, लोखंडाचा आवाज वेगळा, तांब्या-चांदीचा वेगळा. किल्ल्यावर जाऊया म्हणाला, मी हात जोडले. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नुसतं बांधकाम सुद्धा मना आहे आणि हा खुरपं घेऊन निघाला! शेवटी आमच्याच वाड्याच्या चौकात फिरव म्हटलं, नाहीतरी पाइपलाइनसाठी फरशी उखडलेलीच होती. पहिल्या दिवशी सोड्याच्या बाटल्यांची बुचं, घोड्याच्या नालेचे खिळे आणि किल्ली नसलेलं एक कुलूप. तिसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या बुंध्याशी मशिन किणकिणलं, वीतभर खाली तांब्याचे नऊ पैसे, हिरवट, एकमेकांना चिकटलेले. एक चिंचेनं जरासा घासला (नंतर कळलं की घासायचा नसतो, चूक झाली) तर माधवराव महाराजांचा चेहरा आणि संवत १९७०, म्हणजे १९१३ साल. मामीनं आधी हळदकुंकू वाहिलं. भाच्याला एक पैसा आठवण म्हणून न्यायचा होता, तो मी त्याच्या पाकिटातून काढून घेतला, शंभर वर्षांच्या वरचं नाणं म्हणजे पुरावस्तू, कुणालाही असं खिशात घालून देशाबाहेर नेता येत नाही.

इथून पुढचं छापाच.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, इंग्रजांचा पण अजून चालू. जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला, आणि वस्तू ट्रेझरीत जमा करायची किंवा हजर करण्याची हमी द्यायची. खरा धनी पुढे आला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. कळवलं नाही तर हिस्सा गेला आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आता दहा रुपयात काय येतं ते तुम्हीच सांगा, पण कायदा तो कायदा म्हणून मी नऊ पैसे स्टीलच्या डबीत घालून एका सरकारी ऑफिसात गेलो. पहिल्या खिडकीनं विचारलं मंदिराचे आहेत का, दुसरीनं सांगितलं पोलीस थान्यात जा, तिसऱ्या खिडकीवरचा भला माणूस हळूच म्हणाला, "अंकल, घर ले जाओ, चुपचाप रख लो, किसी को बताना मत." त्याचा हेतू चांगलाच होता. पण म्हणजे एक सरकारी माणूस मला गुन्हा करायला सांगत होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या, अर्जावर एक शिक्का मिळाला, त्यावर नंबर नाही.

इंग्लंडमधे २००९ च्या जुलैमधे एका हौशी माणसाला स्टॅफर्डशरच्या शेतात डिटेक्टरनं अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडला, त्यानं रीतसर कळवलं, किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती त्याला आणि शेतमालकाला वाटून मिळाली, वस्तू म्युझियममधे. तिथं सापडलेलं नोंदवून घ्यायला जिल्ह्याजिल्ह्यात माणूस नेमलेला असतो. आणि आपल्या मध्य प्रदेशात? मार्च २०२५ मधे असीरगडच्या पायथ्याशी, बुऱ्हाणपूरजवळ, एक सिनेमा बघून लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांची शेतं खणत होते. लोभ तर आहेच, नाही कोण म्हणतो, पण दिवसाढवळ्या नेऊन देण्याची खिडकीच नसेल तर माणूस रात्रीच जाणार आणि सापडलेलं सरळ भंगारवाल्याकडे किंवा भट्टीत जाणार, कुठे किती खोल सापडलं ही माहिती पण त्याबरोबर वितळली.

म्हणून विनंती एवढीच. छंदाचं पान छापा, पण त्याच पानावर एक चौकट द्या, ग्वाल्हेरमधे अर्ज कोणत्या खोलीत, कोणाच्या नावे, पावती कशी मिळते. तुमच्या वार्ताहराला विचारायला अर्धा दिवस लागेल, मला तीन फेऱ्यात कळलं नाही. आणि त्या दोन पोरांना मी सध्या आमच्या चौकातच मशिन फिरवायला देतोय, कालच त्यांना चौथं बूच सापडलं.

डबी देवघराच्या खालच्या खणात आहे. शुक्रवारी परत जाणार, या वेळी अर्ज हिंदीत टाइप करून आणि कायद्याची झेरॉक्स जोडून.

आपला,
एक जुना वाचक
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर