शेऱ्याचं दुखणं

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आईने पाठवलेला शेऱ्याचा व्हिडिओ मी परत परत पाहिला. बाबा, तुम्ही म्हणता, "तो कण्हत नाही, म्हणजे दुखत नसेल." कुत्रं मुकाट सोसतं हो. शेऱ्याला झालाय तो हाडाचा कॅन्सर फार दुखतो. कापूस वेचणीच्या दिवसांतली एवढी थंडी, तरी तो मध्यरात्री जीभ काढून धापा टाकतोय. बसतो, लगेच उठतो, जागा बदलतो. डावा पुढचा पाय टेकवत नाही, तिथंच चाटत बसतो. हे दुखणंच आहे. तुम्ही वावरातून आलात की शेपूट हलवतो ते तुमच्यावरच्या मायेनं. त्यावरून त्याला बरं वाटतंय असं धरू नका.

डॉक्टरांनी दिलेली मेलॉक्सिकॅम, ती दुखणं कमी करायची गोळी, सांगितली तेवढीच, पोटात काही गेल्यावर द्या. उलट्या झाल्या, शी काळी झाली किंवा खाणं सुटलं तर गोळी थांबवून लगेच फोन करा. उतार पडत नसेल तर तेही सांगा, जोडीला दुसरं औषध देता येतं. पण आई, हात जोडते, बाबांच्या गुडघ्याच्या गोळीतला तुकडा त्याला देऊ नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं नको.

ओसरीच्या फरशीवर रिकामी पोती अंथरा, पाय घसरायला नको. त्या पायाचं हाड आतून पोखरलंय, साध्या धक्क्यानंही मोडू शकतं. म्हणून उचलताना छाती आणि मागची बाजू धरा, पाय ओढू नका. पाण्याचं भांडं विटांवर ठेवा. पडूनच राहू लागला तर तीन-चार तासांनी कूस बदला. कांदा-लसूण नसलेल्या वरणात भाकर कुस्करून दिली तर खाईल.

आई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहीत जा: जेवला का, आपला आपण उठला का, झोपला का. वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी त्याला कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचं बोलू. बाबा, तुम्ही त्याला पाप म्हणता. मला नाही वाटत. आधी गुंगी देतात, मग झोपेतच जीव जातो. औषधानंही न थांबणाऱ्या दुखण्यात त्याला ठेवणं मला जास्त जड जातं.

दवाखान्यात नेणं जमेना तर १९६२ वर फोन करून जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी आपल्या गावी येते का विचारून ठेवा. आणि आई, त्या इंजेक्शनचं ठरवायची वेळ आली तर बाबांवर एकट्यावर टाकू नको. रात्री-बेरात्री फोन कर, मी नागपूरहून मिळेल त्या एसटीनं निघते.

तुमची लेक